बांध-बंधाऱ्यांची वर्गवारी : मुख्य हेतू कोणता?

पावसाळा संपून तीन-चार महिने लोटले की गावोगावी एक तक्रार ऐकू येते : “तलाव बांधला खरा, पण त्यात पाणी राहत नाही.” पुष्कळदा हा तलाव पाझर तलाव असतो आणि पाणी जमिनीत मुरून जाणे हेच त्याचे कार्य असते. साठवण तलाव त्याच सुमारास मुरून कोरडा पडला, तर मात्र ती तक्रार रास्त ठरते. दोहोंचा मातीचा बांध व सांडवा दुरून सारखाच दिसतो. हेतू मात्र परस्परविरुद्ध असतात. म्हणून शिवारातील बांधकामांची वर्गवारी आकारावरून किंवा ती मातीची की दगडाची यावरून न करता, मुख्य हेतूवरून करणे हितावह होय. या दृष्टीने त्यांचे चार वर्ग पडतात.

१. माती धरून ठेवणारी कामे : शेतातील बांध व ओघळीतील दगडी बांध या वर्गात येतात. समपातळी बांध कमी पावसाच्या प्रदेशात, पाणी सहज मुरणाऱ्या हलक्या व मध्यम जमिनीस योग्य असतो. भारी काळ्या जमिनीत तोच घातल्यास वरच्या अंगास पाणी तुंबते, पीक पिवळे पडते व बांधही फुटतो. तेथे ढाळीचे बांध घालावेत. त्यांस दर १०० मीटर लांबीस सुमारे २० ते ४० सेंटिमीटर ढाळ देऊन जादा पाणी गवताळ चरातून नाल्यास सोडतात. ओघळीतील दगडी बांधामागे गाळ साचला, म्हणजे त्याने आपले काम केले असे समजावे.

२. पाणी मुरविणारी कामे : नालाबांध व पाझर तलाव ही यांची उदाहरणे होत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अशी कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. तळाशी मुरूम किंवा भेगाळ खडक आणि खालच्या अंगास विहिरी असतील, तेथेच ती फलदायी होतात. त्यांची परीक्षा तलावातील पाण्यावरून न करता खालच्या विहिरींच्या पातळीवरून करावी. पहिल्या वर्गात इष्ट असलेला गाळ येथे मात्र शत्रू ठरतो. तो तळावर बसला की मुरण मंदावते. यास्तव उन्हाळ्यात गाळ काढून शेतात पसरावा. तलावावर थेट इंजिन बसविल्यास एकाचे पीक तरते, परंतु खालच्या अनेक विहिरींचा वाटा जातो.

३. पाणी साठविणारी कामे : साठवण तलाव, अस्तर केलेले शेततळे आणि कोल्हापूर पद्धतीचा बंधारा यांत पाणी टिकणे हेच यश होय. म्हणून साठवण तलावाच्या बांधाखालील चर पाणी न झिरपणाऱ्या थरापर्यंत न्यावा लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याच्या अखेरीस बसवाव्यात व पुढील पावसाळ्यापूर्वी काढाव्यात. बसविण्यास उशीर झाल्यास पाणी वाहून जाते. काढण्यास उशीर झाल्यास पूर बाजूने फिरून काठ कापतो.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा, १ : १ उताराच्या शेततळ्यात सुमारे २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. एक हेक्टरास ५ सेंटिमीटरची एक पाळी देण्यास ५ लाख लिटर लागतात. म्हणजे बाष्पीभवनाची घट धरण्यापूर्वी जेमतेम चार पाळ्या मिळतात. हे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीचा उपसा करून ते भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखे होते आणि शेजाऱ्याची विहीर आटते.

४. पाणी वळविणारी कामे : धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धतीचे बंधारे या वर्गातील होत. ते प्रवाहाची पातळी उंचावून पाणी पाटात घालतात. पाट साफ नसेल, तर बंधारा भक्कम असूनही निरुपयोगी ठरतो.

काही कामांपासून एकाहून अधिक लाभ मिळतात. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांत मासळीही होते. तथापि भातास पाणी देणे हा त्यांचा मुख्य हेतू होय. दोन हेतूंत विरोध आल्यास ज्यासाठी दुसरा सोडून द्यावा लागेल, तो मुख्य हेतू, ही कसोटी लावावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे काम सुचविण्यापूर्वी ग्रामसभेत तीन प्रश्न ठेवावेत : येथे माती धरावयाची, पाणी मुरवावयाचे, साठवावयाचे की वळवावयाचे? लाभ कोणाच्या शेतास होणार? देखभाल कोण करणार? उत्तरे गावाच्या नोंदवहीत लिहून ठेवावीत. हेतू सर्वांना ठाऊक असला, म्हणजे पाझर तलावावर इंजिन बसणार नाही आणि बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसतील.