‘आब्लार’ म्हणजे बोलणे : स्पॅनिश क्रियापदाची ओळख

परकी भाषा म्हटली की आपल्या घरांतून एक ठरावीक वाक्य ऐकू येते, “ते आपले काम नव्हे.” इंग्रजीच्याच धास्तीने आपली कितीतरी मुले मागे राहतात, मग स्पॅनिशचे नाव कोण काढणार? पण सायंकाळच्या अभ्यासिकेत मुलांबरोबर बसू लागल्यापासून आमचे मत असे बनले आहे की, भाषेची भीती ही बरीचशी क्रियापदाची भीती असते. वस्तूंची नावे मूल सहज पाठ करते. क्रियापद मात्र दर वाक्याला रूप बदलते आणि तिथेच मूल गांगरते. म्हणून आज आपण स्पॅनिशमधील एकच नियमित क्रियापद घेऊ आणि ते सर्व काळांत व सर्व अर्थांत चालवून पाहू.

स्पॅनिश ही काही लहानसहान भाषा नव्हे. सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. स्पेन, लॅटिन अमेरिकेतील १८ देश आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी अशा २० देशांचा राज्यकारभार तिच्यात चालतो. या भाषेचे पहिले छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा याने १४९२ साली लिहून स्पेनच्या राणीला अर्पण केले. त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेला पोहोचला. राज्यकर्त्यांची म्हणून तिकडे गेलेली ही भाषा पुढे तिथल्या कष्टकऱ्यांची झाली. १८४७ साली व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो या विद्वानाने खास अमेरिकेतील लोकांसाठी तिचे व्याकरण लिहिले. भाषा जो वापरतो त्याची असते, हेच खरे.

मूळ पगार आणि भत्ते

आपले क्रियापद आहे ‘आब्लार’, म्हणजे बोलणे. स्पॅनिशमध्ये ते ‘एच’ या अक्षराने सुरू होते; पण त्या अक्षराचा उच्चारच होत नाही. स्पॅनिश क्रियापदांचे तीनच गट आहेत. काहींच्या शेवटी ‘आर’ येतो, जसे आब्लार. काहींच्या शेवटी ‘एर’, जसे कोमेर म्हणजे खाणे. बाकीच्यांच्या शेवटी ‘इर’, जसे बिबिर म्हणजे जगणे, राहणे. शेवटची ही दोन अक्षरे काढली की उरतो तो धातू : ‘आब्ल’.

पगारपत्रक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. धातू हा मूळ पगार. तो हलत नाही. त्याला जोडले जाणारे प्रत्यय म्हणजे भत्ते. ते माणसाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात. वर्तमानकाळाची ओळ अशी : आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो बोलतो), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लाइस (तुम्ही बोलता), आब्लान (ते बोलतात).

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ हे शब्द स्पॅनिश माणूस बहुधा गाळतो. ‘आब्लामोस’ एवढे म्हटले की ‘आम्ही बोलतो’ हे पूर्ण झाले. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपण पालीत ‘गच्छामि’ म्हणतो तेव्हा ‘मी’ वेगळा कुठे उच्चारतो? शेवटच्या ‘मि’मध्येच तो असतो. ‘आम्ही जातो’ला पालीत ‘गच्छाम’ आणि ‘ते जातात’ला ‘गच्छन्ति’. स्पॅनिशचे ‘मोस’ आणि ‘न’ हे याच प्रत्ययांचे दूरचे भाऊबंद आहेत. कारण पाली आणि स्पॅनिश या दोन्ही भारत-युरोपीय कुळातील भाषा.

दुसरी गोष्ट अशी की, मराठीत ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलते’ असा पुरुष-स्त्री भेद क्रियापदात दिसतो. स्पॅनिशमध्ये तो नाही. भाऊ म्हणो वा बहीण, दोघांसाठी ‘आब्लो’च. मराठी बोलणारे मूल याहून अवघड क्रियापद रोज लीलया चालवत असते.

दोन भूतकाळ, एक भविष्यकाळ

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. काम एकदा होऊन संपले असेल तर : आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. तेच काम चालू होते किंवा नेहमी होत असे, असे सांगायचे तर : आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. मराठीत ‘मी सभेत बोललो’ आणि ‘मी सभांतून बोलत असे’ यांत जो फरक आहे, तोच हा. आपल्या आजीच्या तोंडी ‘आम्ही पहाटे दळण दळायचो’ असे येते, तेव्हा ती हा दुसरा भूतकाळच वापरत असते.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, ‘आब्लो’ दोनदा आला. ‘मी बोलतो’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘तो बोलला’ म्हणताना शेवटच्या अक्षरावर. लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर एक लहान तिरकी रेघ देतात. एवढ्याशा रेघेने माणूसही बदलतो आणि काळही. ‘आब्लामोस’ तर दोन्हीकडे अगदी सारखेच. ‘आम्ही बोलतो’ की ‘आम्ही बोललो’ हे पुढच्यामागच्या वाक्यावरून ओळखायचे.

भविष्यकाळ सर्वांत सोपा. इथे काही तोडायचे नाही, पूर्ण ‘आब्लार’ला प्रत्यय जोडायचा : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. याचे कारण इतिहासात आहे. जुन्या काळी लोक ‘आब्लार’पुढे ‘माझ्याकडे आहे’ या अर्थाचे क्रियापद ठेवत. म्हणजे ‘मला बोलायचे आहे’. दोन शब्द बोलता बोलता चिकटले आणि भविष्यकाळ तयार झाला. त्यामुळेच हे प्रत्यय तिन्ही गटांना एकच आहेत.

याशिवाय ‘बोललेला’ या अर्थाचे ‘आब्लादो’ आणि ‘बोलत’ या अर्थाचे ‘आब्लान्दो’ अशी दोन रूपे आहेत. सहायक क्रियापद लावून ‘ए आब्लादो’ म्हणजे ‘मी बोललो आहे’, ‘एस्तोय आब्लान्दो’ म्हणजे ‘मी बोलत आहे’. इथे ‘आब्लादो’ आणि ‘आब्लान्दो’ मुळीच बदलत नाहीत; बदल होतो तो सहायकात.

जे आहे आणि जे व्हावे

काळ म्हणजे केव्हा. पण बोलणाऱ्याचा हेतू काय, हे सांगणारी रूपे निराळी. मराठी शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्पॅनिश शिकताना ही शिदोरी कामी येते. वर पाहिलेली सारी रूपे स्वार्थाची. म्हणजे घडलेले, घडणारे सरळ सांगणारी.

संकेतार्थासाठी पुन्हा पूर्ण ‘आब्लार’ : आब्लारिआ, आब्लारिआस, आब्लारिआ, आब्लारिआमोस, आब्लारिआइस, आब्लारिआन. ‘वेळ मिळता तर मी बोललो असतो’ किंवा ‘मी बोलेन, पण...’ अशी अट मनात असली की हे रूप येते.

इच्छा, शंका, आशा, विनंती यांसाठीचे रूप आपल्या विध्यर्थाच्या जवळचे. ‘तिने बोलावे असे मला वाटते’ यातील ‘बोलावे’ समजा. त्यात ‘आ’चा ‘ए’ होतो : आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. ‘एर’ आणि ‘इर’ गटांत याच्या उलट ‘आ’ येतो : कोमा, बिबा. म्हणजे स्वरांची अदलाबदल केली की विधानाची इच्छा होते. घोषणांतून ऐकू येणारे ‘विवा’ हे ‘बिबिर’चे असेच रूप; त्याचा अर्थ ‘चिरायू होवो’. गोव्यात कार्निव्हलला जो ‘विवा’ ऐकू येतो तो पोर्तुगीजचा. पण ती स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि रूपही तेच.

या इच्छेचा भूतकाळही आहे : आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान. ‘मला स्पॅनिश बोलता आले असते तर’ अशा वाक्यात तो येतो. यातला ‘आब्लारा’ भविष्यकाळातील ‘आब्लारा’सारखा दिसला तरी जोर निराळ्या जागी आहे.

हुकूम आणि मान

आता आज्ञार्थ. मित्राला किंवा मुलाला सांगायचे तर ‘आब्ला’, म्हणजे बोल. पण ज्याचा मान राखायचा त्याला ‘उस्तेद’ म्हणतात आणि ‘आब्ला’ऐवजी विध्यर्थातले ‘आब्ले’ वापरतात. मान द्यायचा तर हुकमाऐवजी इच्छेचे रूप वापरायचे! आपणही पाहुण्यांना ‘बस’ म्हणत नाही. ‘आपण बसावे’ म्हणतो. सातासमुद्रापलीकडच्या भाषेने तीच वाट धरावी, हे पाहून आम्हांला आनंद झाला.

‘उस्तेद’चा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या, बड्या लोकांसाठीच्या संबोधनाचे ते झिजलेले रूप. आज ते रस्ता झाडणाऱ्यालाही वापरले जाते आणि मंत्र्यालाही. कोलंबियाच्या काही भागांत तर घरच्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर परक्यांचे ‘अरे-तुरे’ सोसले, त्यांना क्रियापदाच्या एका रूपाची किंमत वेगळी सांगायला नको. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’चे ‘आब्लाइस’ हे रूप वापरातच नाही; अनेकांना उद्देशून तिथे सरसकट ‘उस्तेदेस’ म्हणजे मानाचे ‘आपण सर्व’ म्हणतात आणि ‘आब्लान’ लावतात.

दोन पुस्तकांची नावे

हे सारे व्याकरण कागदावरच राहते काय? १९६१ साली क्यूबाने निरक्षरता हटवण्याची मोहीम काढली. सुमारे एक लाख शाळकरी मुलेमुली शहरे सोडून खेड्यापाड्यांत, डोंगरांत गेली. दिवसा शेतकऱ्यांबरोबर राबायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना अक्षरे शिकवायची. वर्षाअखेर सात लाखांहून अधिक प्रौढ लिहू-वाचू लागले.

शिकवणाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाचे नाव होते ‘आल्फाबेतिसेमोस’. शिकणाऱ्यांच्या पुस्तकाचे नाव होते ‘बेन्सेरेमोस’. आता वाचकांनीच ही रूपे ओळखावीत. पहिले ‘आर’ गटाचे क्रियापद आणि त्यात ‘आब्लेमोस’चा ‘एमोस’; म्हणजे विध्यर्थ : ‘चला, आपण साक्षर करू या’. दुसऱ्यात ‘आब्लारेमोस’चा ‘रेमोस’. म्हणजे भविष्यकाळ : ‘आम्ही जिंकू’. शिकवणाऱ्याने संकल्प करावा आणि शिकणाऱ्याने विश्वास धरावा, एवढा अर्थ दोन प्रत्ययांत मावला. आणि दोन्हींत कर्ता ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे.

आता हिशेब करू

वर्तमान, दोन भूतकाळ, भविष्य, संकेतार्थ आणि विध्यर्थाचे दोन काळ मिळून सात ओळी झाल्या. प्रत्येकीत सहा रूपे, एकूण ४२. लॅटिन अमेरिकेपुरते ‘आब्लाइस’ सोडले तर ३५. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला हे जड आहे काय? शिवाय हे ४२ खाने एकदा भरले की ‘एस्तुदिआर’ म्हणजे अभ्यास करणे, ‘त्राबाखार’ म्हणजे काम करणे अशी हजारो क्रियापदे त्याच साच्यात बसतात. ‘असणे’, ‘जाणे’ यांसारखी नेहमीची काही क्रियापदे नियम मोडतात, ती वेगळी पाठ करावी लागतात, हे खरे. पण भाषेत नव्याने येणारे क्रियापद सहसा ‘आर’ गटातच जाते. संगणकावर गप्पा मारणे आले, तसे ‘चातेआर’ झाले. कागद स्कॅन करणे आले, तसे ‘एस्कानेआर’ झाले.

आमची पालकांना एक सूचना आहे. वहीच्या एका पानावर आडव्या सात ओळी आणि उभे सहा रकाने आखा. रोज एक ओळ मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आठवड्यात क्रियापद पुरे होते. पुढच्या आठवड्यात ‘कोमेर’, मग ‘बिबिर’. गोडी लागली तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ या केंद्रीय विद्यापीठांतून स्पॅनिशची पदवी घेता येते. दिल्लीत स्पेन सरकारची ‘इन्स्तितुतो सेर्बान्तेस’ ही संस्थाही आहे. भाषांतर, पर्यटन, परदेश व्यापार अशी कामे त्यातून मिळू शकतात.

नोकरीचे पुढे पाहता येईल. आधी “ते आपले काम नव्हे” हे वाक्य घरातून जायला हवे. ज्या मुलीने एक वही आखून ४२ रूपे स्वतः भरली, ती ते वाक्य पुन्हा उच्चारणार नाही. ती म्हणेल ‘आब्लारे’, मी बोलेन. आणि तिच्याबरोबर घर बसले तर सारे मिळून म्हणतील ‘आब्लारेमोस’.