उघड्या पाठीचा स्पीकर

संपादकांनी पाठवलं होतं तमाशाचा बाजार बघायला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. तमाशा गाजवलेल्या विठाबाईंच्या या गावात आता साऊंडवाल्यांचा पसारा किती वाढलाय, त्यावर लिहायचं होतं. त्या नादात एका मिस्त्रींकडे पोचलो. साऊंडवाल्यांच्या स्पीकरची जळालेली कॉइल ते बदलून देतात. दुकानात गर्दी, म्हणून घरी बसवलं. आणि तिथे, भिंत सोडून जवळजवळ खोलीच्या मधोमध, दोन फळ्या उभ्या होत्या.

खोकं नाहीच. कंबरेच्या वर येणारी, दोन फूट रुंद फळी. तिला दोन भोकं. खालच्यात बारा इंची स्पीकर, वरच्यात छोटा. मागून पाहिलं तर चुंबक, वायरी, नटबोल्ट सगळं उघडं. मिस्त्रींनी जुनी बैठकीची लावणी लावली. ढोलकी फळीतून वाजत नव्हती, फळीच्या मागे कुणीतरी बसून वाजवत होतं. तमाशाचा लेख तिथेच मागे पडला.

याला ओपन बॅफल म्हणतात. इतिहास थोडक्यात आटोपतो. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो कागदी शंकूचा प्रकार राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी 1925 साली मांडला. पुढे घरोघरी आलेले व्हॉल्व्हचे रेडिओ याच जातीचे: पुढे लाकूड आणि कापड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. म्हणजे आजोबांच्या फळीवरचा रेडिओ उघड्या पाठीचाच होता. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद छोट्या खोक्यातून दांडगा खर्ज काढून दाखवला आणि जग खोक्यांकडे वळलं. उघड्या फळीला पुन्हा मान मिळवून देणाऱ्यांत मोठं नाव सिगफ्रिड लिंकविट्झ यांचं. ह्यूलेट-पॅकार्डमधले हे अभियंते 2018 साली वारले. घरी स्पीकर बनवणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतःचे काही आराखडे खुले ठेवले होते.

"या, इकडून चालत या," मिस्त्री म्हणाले. समोरून निघून फळीच्या कडेशी आलो तसा आवाज खचला. अगदी कडेच्या रेषेत तर जेमतेम. आणखी पुढे, मागच्या बाजूला गेलो तर पुन्हा भरला. मला हा प्रकार इतका आवडला की घरातल्या माउलीने चहा आणेपर्यंत मी फेऱ्याच मारत होतो.

कारण सोपं आहे. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. कडेला दोन्ही लाटा सारख्याच अंतरावरून येतात आणि एकमेकींना मिटवतात. याचा फायदा असा, की ऐकणाऱ्याला तेवढाच मोठा आवाज देताना उघडी फळी खोलीत साधारण एक तृतीयांशच ऊर्जा सोडते. फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंतींच्या आपल्या खोल्या फार घुमतात. तिथे ही बचत कानाला लगेच कळते.

पण तेच मिटणं खर्जात आडवं येतं. हजार हर्ट्झच्या सुराची लाट फूटभर लांब. दोन फुटी फळी तिला अडवते. पन्नास हर्ट्झची लाट सात मीटरची. ती फळीला जुमानतच नाही, वळसा घालून पुढे येते आणि पुढचा खर्ज खाऊन टाकते.

हे ऐकताना मला खोडद आठवत होतं. नारायणगावहून थोड्याच अंतरावरच्या या गावी खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची, आणि तबकडी म्हणजे स्टीलच्या बारीक तारेची जाळी. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची, पकडायच्या रेडिओ लहरी एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. लहरीला ती भोकं दिसतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर पेलते. लांब लहरीला लहान गोष्ट दिसत नाही, या एकाच नियमावर खोडदला पैसा वाचला आणि मिस्त्रींच्या घरात तो घालवावा लागला.

कारण खर्ज भरून काढायचा तर शंकू जास्त हलवावा लागतो. बंद खोक्यात एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज हवा असेल तर शंकूची हालचाल चौपट होते. उघड्या फळीवर आठपट. गंमत म्हणजे मिस्त्रींकडे ढिगाने पडलेले फडांचे स्पीकर इथे कुचकामी. त्यांचं चुंबक जबर, शंकू ताठ. उघड्यावर खर्ज गायब. हवा असतो चुंबकाने जरा कमजोर, सैल शंकूचा, म्हणजे कारखाने आता फारसे बनवत नाहीत असा. बाराइंची जोडी मिळवायला त्यांना पुण्याचं भंगार पालथं घालावं लागलं.

मग सुतारकाम. एक प्लाय थरथरते म्हणून दोन चिकटवल्या, तर भोकाचा बोगदा झाला आणि आवाज नाकातून येऊ लागला. तेव्हा भोकाची मागची कड पंचेचाळीस अंशात तासून काढली. लाकडात मारलेले स्क्रू हादऱ्याने ढिले होतात, म्हणून टी-नट. फळी मागेपुढे डुलते, म्हणून मागे तिरका टेकू.

सगळ्यात जास्त छळलं ते पॉलिशने. खोक्यात आतला गबाळेपणा झाकतो. इथे मागची बाजूही बैठकीच्या खोलीत असते. शिवाय पुढेच सागाचं विनियर लावलं तर फळी वाकते. मागेही तेवढंच लावावं लागतं, खर्च दुप्पट. चपड्याचं स्पिरिट पॉलिश त्यांनी आषाढात मारायला घेतलं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, पावसाळी हवेतलं पाणी त्यावर धरतं, आणि पॉलिश दुधाळ पांढरं होतं. सगळं खरवडून, पॉलिशपेपर मारून, दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात.

आता लोक जोडी बनवून मागतात. मिस्त्री आधी खोलीचं माप विचारतात. फळी मागच्या भिंतीपासून निदान चार फूट पुढे हवी, नाहीतर मागचा आवाज भिंतीवर आपटून सगळं गढूळ करतो. दहा बाय बाराच्या खोलीत चार फूट सोडायला कुणी तयार नसतं. तिथे सोफा असतो, टीव्हीचं शोकेस असतं. "त्यांना मी खोकंच देतो," ते म्हणाले. "पैसे पण जास्त सुटतात त्यात." स्वतःच्या घरातला सोफा मात्र त्यांनी मेव्हण्याला देऊन टाकलाय, आणि खर्जासाठी पंधरा इंचींची वेगळी जोडी कुठे उभी करायची यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.