अवजाराची परीक्षा

नवें अवजार घेतांना काय पाहावें, हें कुंडलकरांना शेजारच्याच इतिहासावरून शिकतां येतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर केला. परंतु लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना उभा राहिला. नांगरानें माती उलथून हरळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पाडल्या, तेव्हां शंका फिटली.

यावरून आम्ही तीन कसोट्या मानतों. पहिली कामाची: आपल्याच काळ्या रानांत चार तास काढून ते सारखे व खोल पडतात कीं नाहीं, हें पाहावें. दुसरी सुखाची: मूठ धरणाऱ्याचे हात व कंबर संध्याकाळीं दुखतात काय, हें त्यालाच विचारावें. तिसरी टिकण्याची: ओतीव लोखंड दगडावर आपटल्यास फुटतें, म्हणून झिजणारा फाळ वेगळा मिळतो काय व कोठें, याची चौकशी पैसे मोजण्यापूर्वीं करावी.

गेल्या सालीं आमच्या घरीं रंगरूपावर भुलून एक पॉवर टिलर घेतला गेला. काम बरें, पण मुठीच्या थरथरीनें गड्याचे हात बधिर होत, आणि ऐन पेरणींत एक लहानसा सुटा भाग मिळेना. वाफसा गेला, पेरणी आठ दिवस लांबली. तीनपैकीं एकच कसोटी पाहिली, त्याचा हा दंड आम्हीं भरला. वाचकहो, तशी पावती आपल्या नांवें फाडली जाऊं नये, एवढीच विनंती.