पहारेकऱ्याचीही परीक्षा हवी

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरांनी ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. त्यातील बरीच रोकड २८ देशांतील एटीएममधून निघाली. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील संत्र्याचा, कापसाचा पैसाही आता बँकेतूनच फिरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ पुण्याचा नव्हे.

असा शिरकाव ओळखण्यासाठी १९९८ साली निघालेल्या ‘स्नॉर्ट’सारखे पहारेकरी प्रोग्रॅम असतात. नेटवर्कमधून जाणारी माहिती ते लिहून दिलेल्या नियमांशी ताडून पाहतात. जुळली की इशारा देतात. पण नियम लिहिला म्हणजे तो चालतोच असे नाही. त्यापुढे साठवलेले दोन नमुने ठेवावेत : एक हल्ल्याचा, दुसरा रोजच्या निर्दोष व्यवहाराचा. पहिल्यावर इशारा यावा, दुसऱ्यावर येऊ नये. पहिल्यावर नियम चुकला तर चोर सुटतो. दुसऱ्यावर चुकला तर खोट्या इशाऱ्यांना कंटाळून माणूस खऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. नियमात फेरफार केला की दोन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. तेरीज जुळली तरी खतावणीत चूक राहू शकते, हे आपण शिकतोच. म्हणून मला वाटते, इशारा आला नाही एवढ्यावरून तिजोरी सुरक्षित मानू नये. पहारेकरी जागा होता काय, हे आधी पाहावे.