सिंहगड–राजगड–तोरणा : डोंगरधारेवरची धाव

पुण्याच्या नैऋत्येला सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले एका डोंगरवाटेने जोडलेले आहेत. गिर्यारोहकांमध्ये ही वाट कित्येक दशके दोन-तीन दिवसांच्या भटकंतीसाठी प्रसिद्ध आहे. पाठीवर पिशवी, राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तोरणा असा तिचा रिवाज होता. आता हेच अंतर एका दिवसात धावून कापणारे लोकही आहेत. २०१८ पासून येथे ‘एसआरटी अल्ट्रा’ ही स्पर्धा भरते. तिच्यात ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटरचे गट असतात. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, त्यामुळे रस्त्यावर सराव केलेल्या धावपटूला ५३ हा आकडा आवाक्यातला वाटतो. पण डोंगरधारेवर अंतराचा आकडा फारसे काही सांगत नाही. तेथे चढ किती, उतार कसा आणि पायाखाली काय, यावर सगळे ठरते.

याचे मूळ सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. या थरांपैकी टणक कातळ उभे कडे होऊन टिकले, मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि पदर बनले. म्हणून येथला चढ एकसारखा नसतो. गवताळ सोंड, मग कातळटप्पा, मग झाडीचा सपाट पदर आणि पुन्हा कातळ, असा क्रम चालतो. दोन डोंगरांना सांधणारी धार काही ठिकाणी इतकी अरुंद असते की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो आणि दोन्ही अंगांना खोल उतार असतो.

सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहे. कल्याण दरवाजातून उतरलेली वाट विंझरच्या बाजूने गुंजवणीच्या खोऱ्यात येते. तेथून पाय मोकळे करून धावता येते, पण लगेच राजगडाची सहाशे-सातशे मीटरची चढण समोर उभी राहते. पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि त्यातल्या त्यात सोपी आहे. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने जाणारी वाट छातीवर येते, आणि शेवटच्या कातळावर कठडे धरून चढावे लागते. शिवाजी महाराजांनी सुमारे पंचवीस वर्षे या गडावरून राज्य चालवले. त्या काळी येथून निघणाऱ्या जासुदांनाही याच खोऱ्यांतून आणि खिंडींतून पायी निरोप पोहोचवावे लागत.

राजगड ते तोरणा हा टप्पा या वाटेचा गाभा आहे. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ओलांडून आळू दरवाजातून बाहेर पडले की धार सुरू होते. मध्ये एका खिंडीत वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो, आणि तो ओलांडला की वाट पुन्हा झाडीत व माथ्यावर शिरते. समोर तोरण्याची बुधला माची दिसत राहते, पण धार वर-खाली होत असल्याने ती जवळ येत नाही असे भासते. नवख्या धावपटूची उमेद येथेच खचते. तोरण्याचा माथा सुमारे १,४०० मीटर उंच असून पुणे जिल्ह्यात याहून उंच किल्ला नाही. गडावर पोहोचल्यावरही काम संपत नाही, कारण बिनी दरवाजातून वेल्ह्याला नेणारा उतार थकलेल्या पायांची परीक्षा घेतो.

अशा वाटेचे मोजमाप करण्याचे काही ठोकताळे आहेत. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी नियम मांडला : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. डोंगरी शर्यतींत आज दर १०० मीटर चढाईला एक किलोमीटर जादा धरतात. या हिशेबाने १२ किलोमीटरच्या वाटेवर ८०० मीटर चढ असेल, तर तिचे श्रम २० सपाट किलोमीटरांएवढे होतात. म्हणून जाणते धावपटू अंतरापेक्षा तासांची भाषा बोलतात.

चढावर चालण्यात कमीपणा नाही. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या उतार-चढांवर चालण्या-धावण्याला लागणारी ऊर्जा मोजली. सपाटीवर धावताना लागणाऱ्या ऊर्जेच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा ४५ टक्के चढावर खर्च होते, असे त्यांना आढळले. अशा चढावर धावण्याचा हट्ट धरणारा पुढच्या टेकाडावर थांबतो, तर गुडघ्यांवर हात रेटत संथ लयीत चालणारा त्याला मागे टाकतो. याच मोजणीनुसार धावण्याला सर्वांत कमी ऊर्जा सुमारे २० टक्के उतारावर लागते.

उतार मात्र फसवा असतो. तो श्वासाला सोपा आणि स्नायूंना महागडा. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि एक-दोन दिवसांनी ठणका जाणवतो. सुदैवाने शरीर हे लवकर शिकते. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तोच उतार उतरला, तर इजा बरीच कमी होते. म्हणून डोंगरी धावेचा सराव म्हणजे चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव. कातळावर पसरलेला मुरूम पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. तेथे लांब ढांग घातली की पाय निसटतो. पावले आखूड आणि झपझप पडावीत, अंग किंचित पुढे झुकलेले असावे आणि नजर तीन-चार मीटर पुढे असावी. मागे रेलून टाचा रोवत उतरणाराच जास्त पडतो. पुण्यातील अनेक धावपटू हे कसब कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या टेकड्यांच्या माळेवर कमावतात. ‘केटूएस’ नावाने ओळखली जाणारी ही वाट चांदण्या रात्री चालण्याचीही जुनी प्रथा आहे.

पाण्याचा हिशेब चुकला तर चांगले पायही कामाला येत नाहीत. पावसाळा सरला की धारेवर पाणी मिळत नाही, सावलीही तुरळक असते. पाणी आणि मीठ दोन्ही घामावाटे जातात. नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम खाली जाऊन भोवळ, उलटी, गोंधळलेपण आणि प्रसंगी जिवाला धोका संभवतो. तहानेप्रमाणे पाणी, सोबत मीठ-साखरेचे लिंबूपाणी आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे खाणे, हा अनुभवाने ठरलेला क्रम आहे.

धोके इतरही आहेत. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, धुक्यात वाट चुकते, मोकळ्या माथ्यावर विजेचे भय असते. कड्यांना लागलेली आग्या मोहोळे धुराने किंवा उग्र वासाने उठतात. दगडांच्या कपारीत फुरसे असते. उघड्या माथ्यावर थंडी आणि वारा किती घातक ठरू शकतात, हे चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी दिसले. तेथे १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारठा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ धावपटू दगावले. शिट्टी, विजेरी, वाराप्रतिबंधक जाकीट आणि ऊब धरणारे पातळ आच्छादन शर्यतींत सक्तीचे का करतात, याचे उत्तर या घटनेत आहे. ठरलेल्या वेळेत टप्पा न गाठणाऱ्याला थांबवण्याचा नियमही त्याच काळजीपोटी असतो.

जगात हा खेळ झपाट्याने वाढला आहे. मों ब्लां पर्वताला वळसा घालत फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत २००३ मध्ये सुरू झाली, आणि २०१५ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ट्रेल धावेला आपल्या खेळांत स्थान दिले. सह्याद्रीत मात्र त्यासोबत एक वेगळी जबाबदारी येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. त्याच्या अरुंद दरवाजांतून, झिजलेल्या पायऱ्यांवरून आणि तटाच्या सुट्या दगडांवरून शेकडो पावले धावली तर ती वास्तू खचेल. अशा जागी धावणे थांबवून चालणेच योग्य.

सह्याद्रीपासून दूर राहणाऱ्या धावपटूंचे काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत अशी धार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील मूलसारखे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरच्या आसपास, भोवती धानाची बांधी, तलाव आणि जंगल. तरीही येथल्या धावपटूला तयारी करता येते. माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या पाळी उंच नसल्या तरी त्यांवर चढ-उताराच्या छोट्या फेऱ्या पुन्हा पुन्हा मारता येतात, आणि पाळीवरची माती व खडी पायांना रस्त्यापेक्षा चांगली शिकवण देते. पायऱ्या उतरण्याचा सरावही मांड्यांना तयार करतो. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा सखल भागातली मुले उंचीला कमी पडत नाहीत हे सिद्ध झाले होते. मात्र येथे दोन बंधने कटाक्षाने पाळावी लागतात. या पट्ट्यात वाघाचा वावर गावांच्या शिवेपर्यंत असतो, म्हणून पहाटे, सांजवेळी किंवा एकट्याने जंगलाच्या कडेने धावू नये. आणि चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लांब पल्ल्याचा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आटोपणे बरे. त्यानंतरची पहिली शर्यत ११ किलोमीटरच्या गटाची धरली, तर सह्याद्रीचा उतार मांड्यांना पहिल्यांदा कसा भेटतो हे थोडक्या अंतरात कळते.