पिंजऱ्यातील चाळीस वर्षे

पोपट पाळणे हा गुन्हा आहे, असे सांगितले तर आजही पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ चकित होतात. ज्या पक्ष्याला ‘विठू विठू’ म्हणावयास शिकविण्यात आपल्या घरांतील पिढ्या रमल्या, तो कायद्याच्या कक्षेत कसा येईल, हा त्यांचा प्रश्न. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या वसाहतींतही सज्जात टांगलेला पिंजरा अपरिचित नाही. म्हणून या हौसेचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

मोठा पोपट म्हणून आपल्याकडे ज्याला मागणी असते तो करण पोपट. बाजारातील त्याचे नाव ‘पहाडी’. शेपटीसह सुमारे ५८ सेंटिमीटर लांबी, खांद्यावर तांबडा पट्टा आणि भक्कम लाल चोच ही त्याची लक्षणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या सर्व देशी पोपटांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, विकणे वा पाळणे यांस तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही हा व्यापार चोरून चालतो; कारण विकणारा दोषी आणि घेणारा केवळ हौशी, अशी सोयीची समजूत समाजाने करून घेतली आहे.

हा व्यापार पक्ष्याच्या घरट्यापासून सुरू होतो. करण पोपट जुन्या वृक्षांच्या ढोलीत दोन ते चार अंडी घालतो. पिले काढणारा अनेकदा ढोलच फोडतो. म्हणजे त्या वर्षीची वीण तर जातेच, पण पुढील वर्षांचा निवाराही जातो. हाती आलेल्या कोवळ्या पिलांपैकी कित्येक वाटेतच मरतात. सज्जात पोचणाऱ्या एका पोपटामागे न पोचलेल्यांची संख्या कोणत्याही पावतीवर नोंदलेली नसते. जुने वृक्ष आधीच विरळ होत असताना ही लूट त्या जातीला परवडणारी नाही. जगाच्या संकटग्रस्ततेच्या यादीत करण पोपट ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे, तो उगाच नव्हे.

मग परदेशी पोपट घ्यावा, अशी पळवाट सुचविली जाते. आफ्रिकेतील राखाडी पोपट आणि दक्षिण अमेरिकेतील मकाव आपल्याकडील धनिक घरांत दिसू लागले आहेत. राखाडी पोपटाची जंगलात इतकी लूट झाली, की २०१६ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वोच्च संरक्षण देऊन जंगली पक्ष्यांचा व्यापार बंद केला. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आणि २०२४ च्या नियमांनुसार, अशा संरक्षित परदेशी पक्ष्यांची नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. परंतु कायदेशीर नोंद झाली म्हणजे नैतिक प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

कारण प्रश्न त्या पक्ष्याच्या बुद्धीचा आहे. अमेरिकेतील संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून ‘ॲलेक्स’ नावाच्या राखाडी पोपटाचा अभ्यास केला. २००७ साली तो मरण पावला तोवर त्याने वस्तूंचे रंग, आकार आणि लहान संख्या ओळखून सांगण्यापर्यंत मजल मारली होती. अशा बुद्धीचा, थव्यात राहणारा जीव दिवसभर एकटा कोंडला, तर तो किंचाळू लागतो वा स्वतःची पिसे उपटू लागतो. पोपट माणसाचे शब्द उचलतो, तेही बव्हंशी सोबतीच्या ओढीने. त्याच्या बोलण्याचे आपण कौतुक करतो आणि त्यामागील एकटेपणाकडे काणाडोळा करतो. मोठा पोपट चाळीस वर्षेही जगू शकतो. पाळणाऱ्याची नोकरी बदलते, घर बदलते, मुले दूर जातात, पिंजरा मात्र तेथेच राहतो.

आपल्या भागात आणखी एक विचार आवश्यक आहे. पक्ष्यांची श्वसनसंस्था माणसाहून कितीतरी नाजूक असते. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून ब्रिटनमधील कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवले जात, ते याचमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांच्या अग्रभागी होते. कारखान्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला निदान खिडकी लावून घेता येते. सज्जात टांगलेल्या पक्ष्याला तीही सोय नाही.

आमच्या घरी तो सुखात आहे, असे मालक म्हणतील, आणि त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु माया ही मोकळ्या आभाळाची भरपाई नव्हे. म्हणून ज्यांच्याकडे देशी पोपट आहे, त्यांनी तो वन खात्याच्या स्वाधीन करावा. हातावर वाढलेला पक्षी जवळच्या वाडीत सोडून देणे हे पुण्य नव्हे. त्याला अन्न शोधता येत नाही, कावळ्यामांजरांपासून बचावताही येत नाही. वन खात्यानेही अशा स्वेच्छेने आलेल्या गृहस्थाला गुन्हेगारासारखे वागविण्याऐवजी पक्षी कसा सावरेल, याची चिंता अधिक करावी. शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी ही माहिती घरोघर पोचवावी.

पोपट पाहण्याची हौस जरूर असावी. त्यासाठी पिंजऱ्याची नव्हे, ढोली असलेल्या जुन्या झाडाची गरज आहे. आपल्या अंगणातील आणि बांधावरील असे एक झाड वाचविणे, हेच खरे पोपट पाळणे होय.