शौचात रक्त पडते? अंगावर काढू नका



शौचात रक्त दिसले की आपण म्हणतो, "मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल." कोणी ताक पितो, कोणी झाडपाला घेतो. लाजेपोटी घरातही कोणी बोलत नाही. पण रक्त पडते ते दर वेळी मूळव्याधीचेच असते, असे नाही.

आपल्या पोटात मोठे आतडे असते. काही माणसांच्या मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. मग दिवसातून कितीतरी वेळा परसाकडे धावावे लागते. रक्त व आव पडते. पोटात कळा येतात. डॉक्टर ह्या रोगाला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. हा रोग शिवाशिवीने लागत नाही. करणीनेही होत नाही. औषधाने तो आटोक्यात राहतो, पण पुन्हा उलटतोही.

हा रोग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक रोग्यांना कॅन्सर होत नाही. मात्र इतरांपेक्षा त्यांना धोका जास्त असतो. तो कसा?

जू घासून बैलाच्या खांद्याला जखम होते. ती भरते, पुन्हा घासते. आतड्याचेही तसेच होते. जखम भरण्यासाठी शरीर नव्या पेशी तयार करते. पेशी म्हणजे ज्यांचे आपले शरीर बनले आहे, ते अगदी बारीक कण. वर्षानुवर्षे सूज राहिली, तर काही पेशी बिघडतात. ही कॅन्सरची आगाऊ खूण होय.

ही खूण बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून बरे वाटत असले तरी तपासणी हवी. रोग सुरू होऊन ८ वर्षे झाली की डॉक्टर दुर्बिणीच्या नळीने आतडे पाहतात. आतल्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासतात. पुढची तपासणी १ ते ५ वर्षांनी कधी करायची, ते डॉक्टर ठरवतात.

अधिक कोणी जपावे?

१. ज्यांचा रोग जुना आहे.
२. ज्यांचे बरेचसे आतडे सुजले आहे.
३. ज्यांची सूज औषधानेही हटत नाही.
४. ज्यांच्या आईबापांना किंवा भावंडांना आतड्याचा कॅन्सर झाला आहे.
५. ज्यांच्या यकृतातील पित्तनळ्याही सुजल्या आहेत. ह्यांनी ८ वर्षे थांबू नये, दरवर्षी तपासावे.

कांद्याच्या वाफ्यात तण लहान असतानाच उपटतात. तसाच बिघडलेला भाग लवकर सापडला, तर पुष्कळदा काढून टाकता येतो. २०२५ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी पेशीच्या आतला बिघाड मोजून धोका ओळखण्याची रीत मांडली. पण आज आपल्या हाती दुर्बिणीची तपासणी आहे. ती चुकवू नये.

रक्त पडत असेल तर जुन्नर किंवा घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, अथवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पुढे गरज पडली तर पुण्याला ससून रुग्णालय आहे. त्रास कोणत्या वर्षी सुरू झाला, ते सांगावे. जुने कागद पेटीत जपून ठेवावेत. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये.

सांगा पाहू :
१. शौचात रक्त पडले तर काय करावे?
२. बरे वाटत असतानाही तपासणी का करावी?